ठिपक्यांआडचा पट्टा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नीट सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. पण आधीच बजावून ठेवते — मी चांगलं काम केलेलं आहे. फार चांगलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी इथे लपवणार नाही. वाचताना तुम्हाला वाटेल, ही बाई कबुली द्यायला बसली आहे की स्वतःचं कौतुक सांगायला? दोन्ही. मला ते दोन वेगळे करता येत नाहीत. आले असते तर हे सगळं घडलंच नसतं.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. गणितात एम.एस्सी. करून मी रत्नागिरीला परत आले होते, आणि बाबा जो भेटेल त्याला सांगत होते की आमची नीला आता कॉलेजात शिकवणार. बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये होते; आयुष्य तेलात आणि आवाजात गेलं, निवृत्त होऊन घरी आले तर दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. पण कॉलेजात जागा नव्हती. त्याऐवजी मला माळनाक्याजवळ दोन खोल्यांच्या एका ऑफिसात काम मिळालं, कंत्राटी. किनाऱ्याचे नकाशे करण्याचा एक सरकारी प्रकल्प होता. उपग्रहाने काढलेली चित्रं सीडीवर यायची — समुद्र कुठे किनारा खातोय, खाडीकाठची खाजणं कुठे बुजली, कातळ कुठवर आहे, आंब्याच्या कलमांच्या बागा कुठून सुरू होतात, हे त्यावरून काढायचं. साहेब होते, एक शिपाई होता, मी होते, आणि अनंता होता.

अनंता हेदवीचा. रत्नागिरीच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्षाला होतो, तो भूगोलाला. मला गणित यायचं, त्याला जमीन दिसायची. करड्या ठिपक्यांच्या पसाऱ्यावर पेन्सिल ठेवून तो म्हणायचा, हा सडा, म्हणजे कातळाचं पठार, ही त्याच्यावरची वाडी, हे पाणी जमिनीवरून आलंय म्हणून गढूळ, ते समुद्राचं. आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. तो मला चिडवायचा की तुझ्यासाठी जग म्हणजे आकडे. मी म्हणायचे, आहेच. मग? — आमचं छान चाललं होतं, एवढंच सांगायचंय. आमच्यात दुसरं काही नव्हतं. पण कामात एकमेकांचं बोलणं अर्ध्यात कळावं असा माणूस आयुष्यात एखादाच भेटतो, आणि माझ्यासाठी तो अनंता होता.

दोन हजार साल लागलं असेल तेव्हा एक वेगळं काम आलं. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एका जेट्टीचा आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्याचा विचार चालला होता. जागा ठरायची होती. उपग्रहाच्या चित्रावर अनंताने संभाव्य जमिनीचे पट्टे रंगवायचे आणि ते चित्र मुंबईला पाठवायचं. तिथून दुरुस्त्या येणार, पुन्हा रंगवायचं, पुन्हा पाठवायचं. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, यातला एक पट्टा जरी बाहेर कळला तर दलाल लोक आधी जाऊन जमिनी घेतील, आणि ज्यांच्या जमिनी आहेत ते बघत राहतील. सीडी माणसाबरोबर पाठवायची तर दर वेळी माणूस कुठून आणायचा? ईमेलने जायला हवं. पण आमच्या ऑफिसातली टेलिफोन लाइन इतकी रडकी की चित्र अर्ध्यावर तुटायचं. खाली रस्त्याच्या पलीकडे मुनाफभाईंचं इंटरनेटचं दुकान होतं, चार कॉम्प्युटरचं. सगळं शहर तिथे यायचं. तिथूनच पाठवावं लागणार होतं.

“झाकून पाठवता येईल का?” साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, येईल. अनंताने माझ्याकडे बघितलं — ही काय बोलून बसली असं. मला येत नव्हतं हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मला येणार होतं, हेही माहीत होतं.

आणि आलं. तो पावसाळा मी दुसरं काही केलं नाही. मुंबईहून दोन पुस्तकं मागवली, उरलेलं स्वतःच्या डोक्याने केलं. चित्र म्हणजे काय? ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा — काळ्याला शून्य, पांढऱ्याला मोठा. मी त्या ठिपक्यांचे लहान लहान गठ्ठे करायचे आणि प्रत्येक गठ्ठा एका चावीने बदलून टाकायचे. चावी म्हणजे आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती असेल त्याला चित्र परत जसंच्या तसं मिळणार, नसेल त्याला नुसता भुसा. वर मी एक गंमत ठेवली होती, तिचा मला विशेष गर्व होता. झाकलेलं चित्रही चित्र म्हणूनच उघडायचं. कुणीही उघडावं. दिसणार काय — रात्री कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना, तसं. नुसते ठिपके. बघ बाबा, हवं तेवढं बघ!

मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर मी ते करून दाखवलं. सडा, बागा, घरं सगळं असलेलं एक चित्र घेतलं, झाकलं, मुंग्या झाल्या, उघडलं, परत सडा. टाळ्या नाही वाजल्या, सरकारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यातले मोठे साहेब खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, हे रत्नागिरीत केलं? इथे बसून? — हो सर, म्हटलं. इथेच बसून. गावातल्या पेपरात माझा फोटो आला. बाबांनी ते कात्रण खिशात ठेवलं आणि पार मिऱ्या गावापर्यंत चालत जाऊन लोकांना दाखवलं. त्यांना उपग्रह कळत नव्हता, पण मुलीने असं काही केलंय की ते मुंबईच्या साहेबालाही फोडता येत नाही, एवढं कळत होतं. पुरेसं होतं.

मुंबईला चावी मोठ्या साहेबांपाशी होती; आमच्या ऑफिसात ती दोघांकडेच असायची. माझ्याकडे, कारण मी केली होती. अनंताकडे, कारण मुंबईहून दुरुस्त होऊन आलेलं चित्र तो उघडायचा.

आता त्या दुपारकडे येते.

ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. अनंता डबा खात खात कॉम्प्युटरवर काहीतरी करत होता. त्याने हाक मारली, “नीला, ये गो जरा. गंमत बघ.”

त्याने भाट्याच्या किनाऱ्याचं चित्र झाकलं होतं. सहज, वेळ जात नव्हता म्हणून. पडद्यावर मुंग्या होत्या. मी म्हटलं, काय बघू? त्याने चित्र लहान केलं. अजून लहान. पोस्टाच्या तिकिटाएवढं. आणि — कसं सांगू? — मुंग्यांमधून भाट्ये वर आलं. किनाऱ्याची ती लांब वळलेली रेघ, खाडीचं तोंड, सगळं. जमिनीच्या जागी मुंग्याच होत्या, पण समुद्राच्या जागी चटईसारखी एकसारखी वीण दिसत होती.

मला एका क्षणात कळलं. समुद्र सगळीकडे सारखाच काळा. म्हणजे गठ्ठे सारखे. सारख्या गठ्ठ्याला सारखीच चावी लावली की बाहेर येणारा भुसाही सारखाच. चित्र जिथे एकरंगी, तिथे माझं झाकण आरपार. अधिकाऱ्यांना दाखवलेल्या चित्रात एकरंगी असं काही नव्हतंच. सडा आणि बागा, सगळं चित्रविचित्र. म्हणून ते वाचलं होतं.

“आणि मी पट्टे कसे रंगवतो?” अनंता म्हणाला. “एकाच रंगाने. सपाट.”

तो हसत नव्हता. दोष सापडला याचा त्याला आनंद झाला होता असंही नाही. त्याने लगेच उपायही सांगितला — डबा बाजूला सारून, बोटाने टेबलावर रेघ ओढत. प्रत्येक गठ्ठा झाकताना त्याला आधीच्या झाकलेल्या गठ्ठ्याशी बांधून टाक. साखळी कर. मग समुद्र कितीही सारखा असला तरी प्रत्येक गठ्ठ्याच्या मागे वेगळा इतिहास, म्हणून प्रत्येकाचा भुसा वेगळा. तो भूगोलाचा माणूस होता! आणि उपाय बरोबर होता. मला पहिल्या वाक्यातच कळलं की बरोबर आहे.

मी काय म्हटलं? म्हटलं, बघते. सुधारते. तू कुणाला बोलू नकोस एवढ्यात. तो म्हणाला, मी कशाला बोलू, तुझं काम आहे.

मी सुधारलं नाही. का नाही? कारण सुधारायचं तर मुंबईलाही नवा प्रोग्रॅम पाठवावा लागणार, आणि पाठवायचा तर सांगावं लागणार की जुन्यात भोक होतं. पेपरात फोटो येऊन महिनाही झाला नव्हता. आणि कोण बसलंय चित्र लहान करून बघायला, असं मी मनाला सांगितलं. एकदा अनंताने आठवण केली. मी म्हटलं, चाललंय. दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. त्याने धरून चाललं की मी केलं असेल. माझ्यासारखी बाई असं काम अर्धवट ठेवणार नाही, असा त्याला भरवसा होता. पट्टे रंगवलेली चित्रं मुनाफभाईंच्या दुकानातून मुंबईला जात राहिली.

पुढच्या वर्षी आंब्याच्या मोसमानंतर एक गुरुजी ऑफिसात आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, हातात छत्री. त्यांची कलमांची बाग होती, त्यांनी स्वतः खड्डे मारून, लांबून पाणी आणून वाढवलेली. मुलगे परदेशी, तब्येत चालत नव्हती, म्हणून एका शेठने मागितली तेव्हा त्यांनी ती आली त्या किमतीला देऊन टाकली. शेजारच्या चौघांनीही दिल्या. त्याच शेठला. आणि मग रस्त्याची बातमी आली. रस्ता त्याच जमिनींवरून जाणार होता.

गुरुजी भांडायला आले नव्हते. त्यांनी साहेबांना अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, “आमचं काही म्हणणं नाही. आम्ही आपल्या हाताने सही केली. पण आमच्या दारात आम्हाला जे ठाऊक नाही, ते त्या माणसाला कसं ठाऊक झालं, एवढं सांगा.”

ते उत्तर साहेबांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी माझ्या टेबलाशी बसून राहिले.

संध्याकाळी मी मुनाफभाईंकडे गेले. ज्या कॉम्प्युटरवरून आम्ही चित्रं पाठवायचो, त्यावरच्या एका फोल्डरमध्ये ती सगळी पडून होती. पाठवल्यावर पुसायला हवी होती; झाकलेलीच तर आहेत म्हणून आम्ही कधी पुसली नव्हती. फोल्डर उघडला. कॉम्प्युटर अशा वेळी प्रत्येक चित्राची छोटी प्रतिमा आपणहून दाखवतो ना? लहान करायचीसुद्धा गरज नव्हती. एका ओळीत सगळी — मुंग्या, आणि मुंग्यांत स्वच्छ, कडा कापल्यासारखा, पट्टा. पट्ट्याच्या डाव्या अंगाला किनाऱ्याची रेघ. आपला किनारा ओळखणाऱ्या कुणालाही कळावं की ही कुठली जागा.

मुनाफभाई मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, हे तुमचंच ना? ते शेठ येतात ना मेल बघायला, त्यांनी मला विचारलं होतं, हे पट्टे कसले? मी म्हटलं, मला काय माहीत बाबा.”

कुठले शेठ, हे मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. गुरुजींनी सांगितलेलंच.

म्हणजे चावी फुटली नव्हती. चावी लागतच नव्हती. हे जगात तेव्हा एकाच माणसाला पक्कं माहीत झालं होतं, आणि ती मी होते.

मी मुनाफभाईंना म्हटलं, हा फोल्डर आता नको, पुसून टाकू या. त्यांनी मान हलवली. मी स्वतः पुसला.

यापुढचं सांगताना मला तुमच्याकडे बघवत नाही, पण सांगते. मुंबईहून चौकशीला अधिकारी येणार असं कळलं. ते यायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात बसून अनंताची साखळी प्रोग्रॅममध्ये घातली. एका बैठकीत. इतका वेळ जे केलं नाही ते दिवस मावळायच्या आत झालं, कारण मुळात ते अवघड नव्हतंच. मग ऑफिसातली जुनी झाकलेली चित्रं शोधून सगळी नव्याने झाकली आणि जुनी पुसली. मुंबईला एक मेल केली, प्रोग्रॅमची सुधारित प्रत, वेग वाढवला आहे, जुनी काढून टाकावी. वेग वाढवला आहे! — घाबरून हात चुकला असं समजू नका. मी सगळं पद्धतशीर केलं. मी नेहमीच पद्धतशीर असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी आले. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. त्यांनी विचारलं, इथे चावी कुणाकडे असते? अनंता म्हणाला, मॅडमकडे आणि माझ्याकडे.

“मग बाहेर कशी गेली?”

“सर, चावी गेली असं कशावरून?” अनंता शांतपणे म्हणाला. “चावीशिवायही दिसू शकतं. मला एकदा दिसलं होतं. मी मॅडमना तेव्हाच दाखवलं होतं. त्यांना विचारा.”

त्याने ‘त्यांना विचारा’ म्हणताना माझ्याकडे बघितलंही नाही. इतका भरवसा. आपण नळाकडे न बघता तोटी सोडतो, तसा.

अधिकारी माझ्याकडे वळले. “खरं का मॅडम? चावीशिवाय दिसू शकतं?”

मी म्हटलं, “नाही सर. शक्य नाही.”

चारच शब्द.

जमिनी गेल्या तेव्हाच अनंताने ओळखलं असणार की भोक मी बुजवलंच नव्हतं; आता त्याला वाटलं, त्याने दाखवलेलं मी विसरले. खरंच, त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं — अगो, विसरलीस काय? तो म्हणाला, थांबा, मी दाखवतो, आणि मशीनपाशी जाऊन बसला. भाट्ये काढलं. झाकलं. लहान केलं. अजून लहान. पोस्टाच्या तिकिटाएवढं.

पडद्यावर मुंग्या होत्या. नुसत्या मुंग्या. समुद्र नाही, खाडी नाही, रेघ नाही. त्याने दुसरं चित्र घेतलं, पट्टा रंगवलेलं. तेही तसंच. सारवलेल्या अंगणासारखं एकसारखं करडं.

आता ऐका, कारण मला सांगायचं होतं ते हे आहे. खोटं बोलले, ते मोठं पाप, कबूल. पण त्या क्षणी मला काय वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं? भीती? लाज? होती, कुठेतरी खाली. पण वर, छातीत भरून, वाटत होता तो अभिमान. मी पडद्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते — किती स्वच्छ! एक डाग नाही! एक माणूस माझ्यासमोर बुडत होता, माझ्या हाताने, आणि मी माझं काम बघून खुश होते.

अनंताने चित्र परत मोठं केलं. त्याला कळलं. आपली साखळी त्याला ओळखू येणार नाही असं होईल का? मी वाट बघत होते की तो आता वळेल आणि माझं नाव घेईल. तो वळला नाही. त्याने मशीन बंद केलं, खुर्ची सरळ केली आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, “माझा काहीतरी गैरसमज झाला असेल.”

पुरावा नव्हता, म्हणून पोलिसांत कुणी गेलं नाही. त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, एवढंच. पण रत्नागिरी केवढी? नकाशे फोडले, शेठकडून पैसे खाल्ले, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. हेदवीला त्याचे वडील दशभुजा गणपतीच्या उत्सवाच्या कमिटीत वर्षानुवर्षं होते. त्यांनी आपणहून नाव काढून घेतलं. कुणी त्यांना काढ म्हटलं नव्हतं. कुणी राहा असंही म्हटलं नाही. अनंता पुण्याला गेला. जाताना ऑफिसात निरोप घ्यायला आला, साहेबांना नमस्कार केला, शिपायाला मिठी मारली. मी त्या वेळी झेरॉक्स काढायला म्हणून खाली गेले होते. झेरॉक्स काढायचं काही नव्हतं.

गुरुजी पुन्हा आले नाहीत. चोर सापडला असं साहेबांनी त्यांना कळवलं होतं.

माझा प्रोग्रॅम चालला. पुढची कित्येक वर्षं त्या किनाऱ्याची चित्रं त्यातून गेली, दुसऱ्या दोन जिल्ह्यांनीही तो घेतला, आणि त्यातून पुन्हा कुणाला काही दिसलं नाही. मी प्रत्येक चित्र लहान करून बघायचे. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. मला बढती मिळाली, कायम झाले. साखळीची पद्धत कुणाची असं एकदा अहवालासाठी विचारलं गेलं. मी माझं नाव लिहिलं. लग्न झालं, मुलगी झाली. बाबा गेले ते माझ्याबद्दल ताठ मानेने बोलत गेले. मी दुःखात झुरत राहिले असं वाटतंय का तुम्हाला? नाही. मी बरी झोपत होते. आठवण यायची ती अधूनमधून, पायात सल असावा आणि चालण्याची सवय झालेली असावी, तशी.

मग गणपतीपुळ्याला तो भेटला. देवळाच्या मागे, प्रदक्षिणेच्या वाटेवर, बायकोबरोबर. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. पुण्यात एका कंपनीत चांगल्या जागेवर होता. मी नजर चुकवून पुढे जाणार होते, पण त्यानेच हाक मारली, “नीला!” आणि बायकोला म्हणाला, “ही नीला. मी सांगायचो ना, रत्नागिरीत बसून हिने काय केलं होतं ते?”

आम्ही बाहेर वाळूवर येऊन बसलो. तो म्हणाला, एक गोष्ट विचारायची राहून गेली. त्याने विचारलं, “साखळीतला पहिला गठ्ठा. त्याच्या मागे काहीच नाही. मग तो कशाशी बांधलास?”

हे विचारलं! एवढ्या वर्षांनी, हे!

आणि मी — मी सांगू लागले. पहिल्याच्या मागे प्रत्येक चित्रासाठी एक वेगळा, कुणाला अंदाज न येणारा आकडा मी कसा ठेवला, तो कुठून काढला, तो उघड पाठवला तरी चालतो हे मला कसं सुचलं. हातवारे करून सांगितलं. त्याने दोन शंका काढल्या, मी खोडल्या. तिसरी त्याची बरोबर निघाली. आम्ही हसलो. जेवणाच्या सुट्टीत बसायचो तसे बसलो होतो. त्या अर्ध्या तासात मला जितका आनंद झाला तितका मला कुठल्या सत्कारात झाला नाही, कारण माझ्या कामाची किंमत कळणारा माणूस एकच होता आणि तो समोर होता. माफी मागायची हे मी विसरले असं म्हणणार नाही. आठवत होतं. आनंद मोडायचा नव्हता.

उठताना तो नारळ आणायला पुढे गेला. त्याची बायको आणि मी मागे राहिलो. साधी, हसरी बाई. तिने आवाज खाली करून विचारलं, “तुम्ही होतात ना तेव्हा त्या ऑफिसात? हे कधी बोलत नाहीत त्यावर. सासरे शेवटपर्यंत मनाला लावून घेऊन गेले. तुम्हाला काय वाटतं हो, ती चावी दिली असेल कुणी?”

म्हणजे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलाही नाही. वडिलांना तर नाहीच.

मी म्हटलं, “काही कळलंच नाही कधी.”

ती म्हणाली, “हो ना.” तेवढ्यात तो नारळ घेऊन आला, आणि आम्ही आपापल्या गाड्यांकडे गेलो.

वहिनी, तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही ते इथे सांगते — चावी कुणीच दिली नव्हती. भोक माझ्या कामात होतं. तुमच्या नवऱ्याने ते शोधलं, बुजवायचं कसं ते मला शिकवलं, आणि मी ते बुजवून त्यालाच त्यात गाडलं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.